बास गिटार, जपानी गाणी आणि आण्णांचा कान

आमच्या ऑफिसच्या बँडमध्ये बास वाजवणारा सहकारी फुकुओकाला बदलून गेला आणि त्याची जागा माझ्याकडे आली. माझी पात्रता एवढीच, की एकदा जेवता जेवता मी बोलून गेले होते, माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आमच्या काचोंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, ते नेमकं लक्षात ठेवलं. वडील ताल धरतात म्हणजे मुलीलाही जमेल, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी ते स्वतःची जुनी बास गिटार पाठीला लावून लोकलनं घेऊन आले आणि माझ्या टेबलाला टेकवून ठेवली. डिसेंबरातल्या बोनेनकाईत, म्हणजे ऑफिसच्या वर्षअखेरीच्या मेजवानीत, बँड तीन गाणी वाजवणार होता. हातात आठ महिने होते. माझं वय एकेचाळीस, आणि शाळेतली बुलबुलतरंग सोडली तर मी एकाही तारेला कधी हात लावलेला नव्हता.

मी तोक्योच्या निशि-कासाई भागात राहते. इथे भारतीय बरेच आहेत, त्यामुळे कढीपत्ता मिळतो आणि कोपऱ्यावर हिंदी कानावर पडतं. जपानी मी पुण्यात शिकले. कामापुरतं चांगलं येतं, पण चार जपानी माणसं जमून हसायला लागली की त्यांच्या बोलण्यात शिरायला जागा सापडत नाही. त्यामुळे "हो" म्हणताना मनात संगीत कमी आणि ही शिरायची जागा जास्त होती, हे सांगायला हरकत नाही.

बासची ओळख नसलेल्यांसाठी दोन शब्द. साध्या गिटारला सहा तारा असतात, बासला बहुधा चार, जाडजूड. गिटारच्या खालच्या चार तारा जशा लावतात तशाच याही, फक्त पूर्ण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, त्याच्या वरच्या साधारण 55, 73 आणि 98 वेळा. पाश्चात्त्य नावं घाबरवत असतील तर आपल्या पद्धतीनं सांगते. एका तारेला सा धरलं तर तिच्या पुढची तार म्हणजे तिचा मध्यम. चारही तारांचं नातं तेच. मला हे कळलं तेव्हा निम्मी भीती गेली.

बासचं काम काय? गाण्यात गिटार किंवा कीबोर्ड जे सुरांचे गुच्छ वाजवतात, ज्यांना कॉर्ड म्हणतात, त्या प्रत्येक गुच्छाचा एक पाया असतो, त्याचा स्वतःचा सा. नवशिक्या बासवाल्यानं तो पाया धरायचा आणि ड्रमच्या बरोबर चालायचं. बस. गाणं ऐकणाऱ्याला बास वेगळा ऐकू येईलच असं नाही, पण तो थांबला की "काहीतरी गेलं" असं वाटतं. तंबोऱ्याचं आणि डग्ग्याचं काम एकाच माणसाकडे दिल्यासारखं आहे हे.

जपानमध्ये हे वाद्य शिकण्याचा एक मोठा फायदा म्हणजे तिथली सोपी गाणी आधीच ठरलेली आहेत. कुणी समिती नेमून ठरवलेली नाहीत, शाळांनी ठरवली आहेत. तिकडे हायस्कूलमध्ये शाळा सुटल्यावर मुलं कुठल्या ना कुठल्या क्लबात जातात. त्यांतला एक केईओन-बू, हलक्याफुलक्या संगीताचा क्लब. तिथे पोरं-पोरी चार-पाच जणांचा बँड करतात आणि शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवात, बुंकासाईत, जिमखान्याच्या स्टेजवर वाजवतात. गिटार सगळ्यांना हवी असते, गायचंही सगळ्यांना असतं. मग जानकेन होतं, आपलं दगड-कागद-कात्री, आणि हरेल त्याच्या गळ्यात बास पडतो. आमचे काचो असेच हरले होते. पस्तीस वर्षं झाली, अजून हसत सांगतात.

दरवर्षी नवी मुलं, हातात थोडे महिने, वाजवता येईल अशी गाणी हवीत. त्यामुळे तीच गाणी पिढ्यानपिढ्या फिरत राहिली. आपल्याकडे गणपतीत आरत्यांना कागद लागत नाही तसं. ज्यानं कधी शाळेत वाद्य धरलं, त्याला ही आठ-दहा गाणी येतातच, मग तो आता बँकेत असो की मासळीबाजारात. आमच्या बँडची पहिली बैठक पाच मिनिटांत संपली ती यामुळेच. तीन गाण्यांची नावं निघाली, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि माझ्यासाठी कुणीतरी ती नावं कागदावर लिहून दिली.

पहिलं होतं "उए ओ मुइते आरुको", म्हणजे "वर बघत चालूया". हे 1961 चं, साकामोतो क्यू यांनी गायलेलं. शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची. अमेरिकेत ते "सुकियाकी" या नावानं गेलं आणि 1963 च्या जूनमध्ये तिथल्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. सुकियाकी हा गोमांसाचा एक खाद्यपदार्थ आहे, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. परदेशी लोकांना उच्चारायला सोपं म्हणून दिलेलं नाव. (परदेशात आपलं नाव सोपं करून घेणाऱ्या सगळ्यांनी याची नोंद घ्यावी.)

नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, जरी तरुण मुलं नाकं मुरडतील तरी. गाणं चालण्याच्या लयीत आहे. मात्रेला एक टोला दिला तरी भागतं, आणि कॉर्डचा सा व त्याचा पंचम एवढे दोनच सूर आलटून पालटून वाजवले तरी गाणं उभं राहतं. शिवाय कान लगेच ओळख दाखवतो. जपानी लोकप्रिय संगीतात योनानुकी नावाची एक स्वरमाला फार वापरतात. नावाचा अर्थच चौथा आणि सातवा वगळलेली. उरतात सा रे ग प ध. म्हणजे आपल्या भूपाचे सूर. या गाण्याची सुरुवातीची ओळ ऐकून पाहा, अनोळखी घरात ओळखीचं भांडं दिसावं तसं वाटतं.

दुसरं "चीसाना कोई नो उता", छोटंसं प्रेमगीत. ओकिनावाच्या मोंगोल 800 या तेव्हा तिघांच्या असलेल्या बँडचं, 2001 सालच्या "मेसेज" या अल्बममधलं. जपानी लोक लाडानं त्यांना मोनपाची म्हणतात. मोठ्या कंपनीचा आधार नसताना तो अल्बम लाखोंनी खपला. बासवाल्यांना या गाण्याचा खास अभिमान, कारण त्या बँडचा गायक स्वतःच बास वाजवतो. गाता गाता वाजवायचं म्हणजे बास गुंतागुंतीचा करून चालत नाही. सरळ मात्रेला दोन टोले, आपल्या भाषेत दुगुन, आणि कॉर्ड बदलली की बोट पुढच्या घरात. तीन वाद्यांचाच बँड असल्यामुळे बास मागे लपतही नाही. सोपं असून ऐकू येतं, हे नवशिक्याला फार बळ देणारं असतं.

तिसरं, अर्थातच, "रिंदा रिंदा". द ब्लू हार्ट्स या पंक बँडचं 1987 चं गाणं. या गाण्यावरून 2005 मध्ये यामाशिता नोबुहिरो यांनी "लिंडा लिंडा लिंडा" नावाचा चित्रपट काढला. शाळेच्या महोत्सवाला तीन दिवस उरलेत, मुलींच्या बँडमधून गिटारवाली आणि गायिका गेलेल्या, आणि त्या एका कोरियन विद्यार्थिनीला गायला उभं करतात, जिला जपानी धड येत नाही. त्यात बास वाजवणाऱ्या मुलीची भूमिका सेकिने शिओरी हिनं केली आहे, जी खऱ्या आयुष्यातही बेस बॉल बेअर या बँडची बासवाली आहे. मी हा चित्रपट दोनदा पाहिला. भाषा न येणाऱ्या मुलीकडे त्या तिघी ज्या बेफिकिरीनं बघतात, ते मला फार आवडलं. तिला समजून घेण्याचा वगैरे कुणी आव आणत नाही. तालीम आहे, ये.

गाण्याकडे येते. सुरुवातीला फक्त आवाज आणि गिटार. शांत. बासनं गप्प उभं राहायचं. मग एकदम सगळा बँड तुटून पडतो आणि शेवटपर्यंत दुगुन, तीही जलद. सूर सोपे आहेत, दम सोपा नाही. पहिल्या आठवड्यात माझा उजवा हात दुसऱ्या कडव्यातच लाकूड व्हायचा. "सोपं गाणं" म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. डाव्या हाताला सोपं असलेलं गाणं उजव्या हाताला अवघड असू शकतं. ड्रमवाल्या बाईंनी, या आमच्या लेखा विभागातल्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, मला एकच सांगितलं. मनगट सैल, आणि श्वास सोडायचा. वाजवताना मी श्वास रोखून धरत होते.

आणखी एक गोष्ट, जी कुठलंही पुस्तक पहिल्या पानावर सांगत नाही. बासमध्ये सूर वाजवण्याइतकंच तो थांबवणं महत्त्वाचं. जाड तारा एकदा हलल्या की हलतच राहतात. एका तारेवर वाजवताना दुसरी गुरगुरत असते. म्हणून मोकळ्या तारांवर बोटं नुसती टेकवून ठेवायची, दाबायची नाहीत. हे जमलं की तेच चार सूर एकदम स्वच्छ वाटायला लागतात. माझे दोन महिने यातच गेले.

घरी मी हेडफोन लावून सराव करायचे. जपानी फ्लॅटच्या भिंती पातळ, आणि खालचे सूर भिंतीतून सर्वांत आधी पलीकडे जातात. खरा आवाज काढायचा तर स्टुडिओत जायचं. तोक्योत स्टेशनांच्या आसपास तालमीचे स्टुडिओ असतात. खोलीत ड्रम, ॲम्प्लिफायर, माईक सगळं मांडलेलं. एकट्यादुकट्याला आदल्या दिवशी स्वस्तात खोली मिळते, तासाला साधारण हजार येनच्या आसपास. शनिवारी दुपारी मी तिथे असायचे. नवऱ्यानं सुरुवातीला चेष्टा केली, नंतर शनिवारी वरणभात स्वतः लावायला लागला.

आता आण्णांकडे येते.

आण्णा कराडजवळच्या आमच्या गावी असतात, धाकट्या भावाकडे. वय चौऱ्याहत्तर. तीन-चार वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं. भावानं तपासणी करून आणली तेव्हा डॉक्टरांनी आलेख दाखवला. डावीकडे रेघ वर, उजवीकडे घसरत गेलेली. वयानं जाणारा कान असाच जातो म्हणे, आधी वरचे सूर, बारीक आवाज. खालचे बरेच दिवस शाबूत राहतात. माणसाच्या बोलण्यात स्वर खालचे, आणि स, त, फ, क यांसारखी व्यंजनं वरची. त्यामुळे आण्णांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. सात आणि आठ सारखेच. कानाचं मशिन आणलं, पण ते शिट्टी मारतं म्हणून पाकिटात जातं.

आधी आमचं रविवारचं बोलणं अर्धा तास चालायचं. पाऊस, ऊस, कोण गेलं, कोणाचं लग्न. ते कमी होत होत "जेवलीस का?" आणि "बरं, ठेवतो" इथपर्यंत आलं. मी ओरडून बोलायचे, ते न कळताच "हां हां" म्हणायचे, आणि ते "हां हां" ऐकलं की माझ्या पोटात कालवायचं. त्यांना आपलं काही पोहोचत नाही, आणि ते आपल्यासाठी पोहोचल्याचं नाटक करतायत. सहा हजार किलोमीटरवरून याला उपाय काय?

बास शिकतेय हे सांगायला मी व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलं. आण्णा स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, तू नुसती खाजवतीयास. वाजतंय कुठं?"

त्यांचं बरोबर होतं. मोबाईलच्या स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत, तो पार बारका असतो. तरुण कानाला त्या सुरांचे वरचे अंश ऐकू येतात आणि मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. आण्णांचे ते वरचे अंशच गेलेले. म्हणजे ज्या पट्टीत त्यांचा कान अजून धडधाकट आहे, नेमकी तीच पट्टी फोन खाऊन टाकत होता.

एप्रिलमध्ये भाऊ आण्णांना घेऊन तीन आठवड्यांसाठी तोक्योला आला. साकुरा बघून झाला, मंदिरं झाली, आण्णांना लोकलच्या दारात फलाटावर आखलेल्या रांगांचं फार कौतुक वाटलं. एका मंगळवारी सुट्टी घेऊन मी त्यांना स्टुडिओत नेलं. दोन तासांची छोटी खोली. बसायला ड्रमवाल्याचं स्टूल सोडून काही नाही, तेव्हा आण्णा त्यावर बसले. धोतर-टोपीतला माणूस ड्रमच्या मागे पाहून काउंटरवरचा मुलगा दोनदा डोकावून गेला.

मी साकामोतो क्यूंचं गाणं फोनवरून खोलीतल्या स्पीकरवर लावलं, बेताच्या आवाजात, आणि बासचा ॲम्प सुरू केला. (आवाज बेताचाच ठेवावा. मोठ्या आवाजानं चांगला कानही जातो, आणि मी स्वतः तालमीत कानात बोळे घालते.) पहिला सूर काढल्याबरोबर आण्णांनी मान वर केली. उठून ॲम्पच्या पेटीजवळ आले, पखवाजाच्या डाव्या तोंडावर ठेवावा तसा तळवा पेटीवर ठेवला आणि म्हणाले, "हां. हे आलं."

हे "हां" वेगळं होतं.

गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग विचारलं, "सम कुठाय?" जपानी गाण्यात चार-चार मात्रांचं आवर्तन, पहिलीवर मी पाया बदलते, असं मी बोटं मोजून दाखवलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी स्टुलावर बसून त्यांनी मांडीवर मात्रा धरली, आणि तिसऱ्यांदा बाजूच्या मोठ्या उभ्या ड्रमवर, काठ्या न घेता, हातानं वाजवायला लागले. धा आणि ता कुठे पडतात ते मला ऐकू येत होतं. डाव्या हाताला कणीक नाही म्हणून थोडे करवादलेही.

मला त्या खोलीत आणखी एक गोष्ट जाणवली. गाण्याचे शब्द आण्णांना कळत नव्हते, पण ते कळण्याची कुणाची अपेक्षाच नव्हती. जपानी त्यांना येत नाही, भावाला येत नाही, मलाही गाण्यातलं सगळं कळत नाही. मराठीत बोलताना त्यांचं चुकायचं, इथे चुकायला काही नव्हतंच. दोन तास त्यांच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा कानोसा घेणारा ताण दिसला नाही. जाताना म्हणाले, "तुझ्या ह्या पेटीचा डग्गा बरा लागलाय. मंडळाला असला पाहिजे."

ते परत गेल्यावर भावानं युक्ती काढली. गणेश मंडळाचा बॉक्स आमच्याच पडवीत पडून असतो, गुडघ्याएवढ्या उंचीचा. मी शनिवारी स्टुडिओत रेकॉर्ड करून पाठवायचं, त्यानं रविवारी सकाळी ते बॉक्सवर लावायचं. आण्णा खुर्ची ओढून बॉक्सला हात लावून बसतात. मग कधी भाऊ त्यांचा पखवाज रेकॉर्ड करून मला पाठवतो, माझ्याच गाण्यावर वाजवलेला. व्हिडिओ कॉलवर एकदम वाजवण्याचा नाद आम्ही सोडला. आवाज पोहोचायला अर्धा-एक सेकंद लागतो, तेवढ्यात सम निघून जाते.

या निमित्तानं मी आणखी गाणी चाळली. घरात कुणी मुलगा-मुलगी बास घेऊन बसली असेल तर उपयोग होईल म्हणून सांगते. आइम्योन या गायिकेचं 2018 चं "मॅरीगोल्ड" छान आहे. मध्यम लय, जुन्या वळणाची चाल, हात दमत नाही. "उए ओ मुइते" म्हातारं वाटत असेल तर इथून सुरू करा. स्पिट्झ या बँडचं 1996 चं "चेरी" ऐकायला साधंसरळ, पण त्यांचा बास सतत हिंडत असतो, तेव्हा नवशिक्यानं आधी नुसते पाये वाजवावेत आणि हिंडणं पुढच्या वर्षी.

नारुतो बघितलेल्या सगळ्यांना एशियन कुंगफू जनरेशनचं "हारुका कानाता" हवं असतं, कारण ते बासनंच सुरू होतं. माझा इंदूरचा भाचा त्यासाठीच बास घेऊन बसला. घ्यावं, पण अर्ध्या वेगानं. यूट्यूबवर वेग कमी करता येतो आणि सूर बदलत नाही, त्याचा भरपूर उपयोग करा. "के-ऑन!" या 2009 च्या ॲनिमेमधल्या डावखुऱ्या मिओला पाहून अनेकांना बास घ्यावासा वाटतो, तेही चांगलंच. मात्र त्यातली गाणी शाळकरी मुलींची म्हणून सोपी समजू नका. वाजवलीत ती कसलेल्या लोकांनी आहेत.

वाद्य घेताना हात लहान असतील तर आखूड दांड्याची बास मागा. नेहमीच्या बासवर तारेची वाजणारी लांबी 34 इंच असते, आखूडवर साधारण 30. मुलांना आणि माझ्यासारख्या बुटक्या बायकांना त्या चार इंचांनी फार फरक पडतो. तोक्योत ओचानोमिझू भागात रस्ताभर वाद्यांचीच दुकानं आहेत, तिथे बसून वाजवून बघता येतं. भारतातही मोठ्या शहरांतल्या दुकानांत बसून बघू देतात, लाजू नका. बोटांना पहिले तीन आठवडे फोड येतील, नंतर कातडी घट्ट होते.

बोनेनकाई झाली. तिन्ही गाणी झाली. "रिंदा रिंदा"ला काचो टाय डोक्याला बांधून नाचले आणि ज्या लोकांशी मी सहा वर्षं फक्त "ओत्सुकारेसामा" म्हणत आले, ते पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलाशी थांबून बोलायला लागले. मुख्यतः त्यांच्या शाळेच्या बँडविषयी. त्यांना बोलायला फार आवडतं, आणि आता विषय माझ्या ओळखीचा असतो.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मी घरी पाठवलं. पहिली दोन गाणी आण्णांना पसंत पडली. "चीसाना कोई"च्या शेवटी ड्रमवाल्या बाई जरा पुढे पळाल्या, ते त्यांनी बॉक्सला हात लावून ओळखलं. "रिंदा रिंदा"वर मात्र नाराज. भावानं त्यांचा निरोप रेकॉर्ड करून पाठवला, त्यात मागे कोंबडा आरवतोय आणि आण्णा म्हणतायत, "एवढी घाई कशाला? मागं पंगत उभी हाय का? हळू वाजवून धाड, मला हात बसवायचाय."

मग काय, ब्लू हार्ट्सचं पंक गाणं भजनाच्या ठेक्यात बसतं का ते बघतेय. शनिवारी दुपारी दोन ते तीन खोली घेतली आहे.